पोथी, खत आणि ग्रंथपेटी

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास ज्यांनी ज्यांनी लिहिला, त्यांनी शाळांची संख्या, मास्तरांचे पगार, विद्याखात्याचे ठराव आणि लोकलफंडाचे हिशेब यांचा परामर्श पुष्कळ घेतला. परंतु बाराखडी घोकून झालेले मूल पुढे कोणाच्या साहाय्याने आणि कशाच्या ओढीने आपले आपण वाचू लागते, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष क्वचितच गेले. अक्षरे ओळखणे ही एक अवस्था आणि समोर आलेला अपरिचित मजकूर कोणाला न विचारता उलगडून घेणे ही दुसरी; या दोहोंमधील मजल फार मोठी असून पुष्कळ मुले ती कधीच गाठत नाहीत, हे कोणताही अनुभवी शिक्षक कबूल करील. गेल्या दोनशे वर्षांतील मराठी मुलांच्या वाचनाचा मागोवा घेतला तर असे दिसते की, ही मजल एकट्या क्रमिक पुस्तकाच्या बळावर फारशी कोणी गाठली नाही. मुलाच्या वाचनाला घरात, गावात किंवा त्याच्या स्वतःच्या मनात काही काम पडले, तेव्हाच ते वाचते झाले.

पंतोजीची शाळा म्हटली की छडी, परवच्याचा कोलाहल आणि पोरांचे कान एवढेच आपल्याला आठवते, आणि ती आठवण अगदीच अन्यायाची आहे असे नाही. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या ओसरीवर ही शाळा भरे. धूळपाटीवर बारीक धूळ पसरून तीत मुळाक्षरे गिरवावयाची, थोरल्या मुलाने धाकट्याचा हात धरून वळण लावावयाचे, आणि दिवेलागणीला सर्वांनी उभे राहून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचा गजर करावयाचा, हा नित्याचा शिरस्ता होता. पंतोजीचा मुशाहिरा बहुधा धान्याच्या रूपाने मिळे व तोही वेळेवर मिळेच असे नाही, त्यामुळे त्याच्या स्वभावाला आलेला कडवटपणा पोरांच्या पाठीवर उतरे. वाचण्याजोगे पुस्तक त्या शाळेत जवळजवळ नव्हतेच. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत देशी शाळांची जी चौकशी झाली, तिच्यातही हीच उणीव पुढे आली. एवढ्यावरून त्या शाळेत वाचन शिकवलेच जात नसे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; पण तो घाईचा ठरेल.

कारण पुस्तक नसले तरी कागद होते. जो मुलगा पुढे कुलकर्ण्याच्या दफ्तरात किंवा सावकाराच्या पेढीवर बसावयाचा, त्याला मोडी कागद वाचता आलाच पाहिजे. म्हणून मुले घरातल्या दफ्तरातून जुनी पत्रे, खते, कबुलायती, पावत्या असे काहीबाही घेऊन शाळेत येत व ते कागद त्यांच्याकडून लावून घेतले जात. हे काम सोपे नव्हते. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली लेखणी शक्य तो न उचलता अक्षरांची साखळी सोडत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाही, विरामचिन्हाचे नाव नाही, त्यातून प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. तारीख असेल तर ती ‘छ’ या अक्षराने सुरू होणार, पुढे चांद्र महिन्याचे मुसलमानी नाव आणि ‘खमस सबैन मया व अलफ’ अशा अरबी संख्याशब्दांत सन येणार. यावरून अकराशे पंचाहत्तर हा अंक काढण्यास दहाबारा वर्षांच्या पोराला किती सायास पडत असतील, याची कल्पना करावी! तरीही पोर तो काढी, कारण कागदाचा साचा त्याच्या ओळखीचा असे. मायना त्याला पाठ होता, ‘विनंती विशेष’ कोठे यावयाचे हे ठाऊक होते, शेवटास ‘बहुत काय लिहिणे’ येणार हे ठाऊक होते. या दोन ज्ञात टोकांच्या मधला अज्ञात मजकूर त्याने तर्काने भरून काढावयाचा असे. शिवाय त्या कागदात कोणाच्या तरी शेताची हद्द, कोणाच्या तरी बहिणीचे लग्न, कोणाचे तरी व्याज असे. अर्थ लागला नाही तर मुलाला तो न लागल्याचे समजत होते. वाचनाचा पुढचा सारा विकास या एका गोष्टीवर अवलंबून असतो.

दुसरी पाठशाळा चातुर्मासातल्या पोथीची. श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय व पांडवप्रताप, महिपतीचा भक्तविजय हे ग्रंथ घरोघर व देवळोदेवळी लागत. वाचणाऱ्या वडील माणसाचे डोळे मंदावले अथवा घसा बसला की घरातल्या चुणचुणीत पोराला पाटासमोर बसवले जाई. रुमाल सोडावा, वरची फळी बाजूला ठेवावी, सुटी लांबट पाने एकेक करून उलटवावीत, आणि काळ्या शाईच्या अखंड ओळीतून शब्द तोडून काढीत ओवी म्हणावी. शब्द चुकीच्या ठिकाणी तुटला तर ओवीचा ठेका मोडे, आणि तो मोडल्याचे वाचणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्यांना कळे, कारण कथा सर्वांना तोंडपाठ. वाती वळीत बसलेली आजी मान वर न करता चरण दुरुस्त करून देई आणि वाचन पुढे चाले. मुलाने जी भाषा वर्षानुवर्षे कानांनी ऐकली, तीच आता डोळ्यांनी पाहावयाची असल्याने त्याचा धीर सुटत नसे. उद्याचा अध्याय आज रात्री एकट्याने चाळून ठेवावा, म्हणजे सभेत अडखळणे नको, ही बुद्धीही त्याला आपोआप होई. लहान वाचकाला परिचित मजकूर, सहनशील श्रोता आणि थोडासा मानाचा पाट या तीन गोष्टी एकत्र मिळाव्यात अशी तजवीज पुढच्या काळात एखाद्या शास्त्रीय पद्धतीने सुद्धा क्वचितच केली असेल.

या व्यवस्थेचे गुणगान येथेच थांबवले पाहिजे. पाटासमोर बसणारे ते पोर बहुधा ब्राह्मण, प्रभू, सोनार किंवा वाणी यांच्या घरचे असे. आजीला ओव्या पाठ असल्या तरी तिला स्वतःला अक्षर येत नसे. आणि ज्या कुणब्याच्या शेताची हद्द त्या मोडी खतात लिहिलेली होती, त्याच्या मुलाला तो कागद वाचता येणार नाही, याच गृहीतावर कित्येकांचा संसार चालला होता.

छापखाना आला तो मुलांसाठी आला नाही. बंगालमधील श्रीरामपूरला केरीसाहेबाच्या देखरेखीखाली वैजनाथ पंडितांनी सिंहासनबत्तिशी व हितोपदेश ही मराठीत आणली आणि तेथून ती मोडी टाइपात निघाली, ती मुख्यतः कंपनीच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यांना भाषा यावी म्हणून. तंजावरच्या सरफोजीराजांनी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टींचे भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने करवून घेतले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखात, मराठी बालवाङ्मयाचा पहिला अंकुर फुटावा हा इतिहासाचा एक गमतीचा खेळ आहे. मुंबईत १८२२ पासून स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीने पुस्तके तयार करण्याचे काम पद्धतशीर हाती घेतले आणि तिचे देशी चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही दोन पुस्तके सिद्ध केली. ‘बाळमित्र’ हे बर्केन नामक फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले रूपांतर. त्यातील मुले आजच्या वाचकाला फारच शहाणी वाटतील, आईबापांशी ती संवाद करतात की कीर्तन, असाही प्रश्न पडेल. परंतु मराठी पुस्तकाच्या पानावर लहान मूल हे स्वतः पात्र म्हणून आले, भांडले, चुकले, रुसले, हे या पुस्तकामुळे घडले, आणि छत्र्यांची भाषा अशी सरळ व घरगुती आहे की तिच्यापुढे नंतरच्या कित्येक सरकारी भाषांतरांची मराठी आजारी वाटते.

येथे मेजर टॉमस कँडी यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मोल्सवर्थच्या कोशाचे सहकारी म्हणून त्यांची कीर्ती आहे. शाळाखात्यासाठी छापली जाणारी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात आणि पुढे क्रमिक पुस्तकांची मालाही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. त्यांच्या मराठीवर इंग्रजीची छाप पडली म्हणून त्यांना दूषणे देणारे पुष्कळ झाले, आणि ती दूषणे निराधार नाहीत. परंतु मराठी छापील मजकुरात स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांची पद्धतशीर प्रतिष्ठापना करण्याचे श्रेय त्यांचेच आहे, आणि लहान वाचकाच्या दृष्टीने ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. पोथी वाचणाऱ्या मुलाला चूक दाखवण्यास भोवती माणसे होती. पुस्तक घेऊन माळ्यावर बसलेल्या मुलाला कोण दाखवणार? कोठे थांबावे, कोठे आवाज चढवावा, कोणाचे बोलणे कोठे संपले, हे आता पानानेच सांगावयास हवे होते. एकट्याने वाचणारे मूल अस्तित्वात येण्यापूर्वी एकट्याने वाचता येईल असे पान अस्तित्वात यावे लागते, आणि ते शब्दांतील मोकळ्या जागांनी व या परकीय ठिपक्यांनी घडवले.

१८५५ मध्ये विद्याखाते स्थापन झाले, शाळा वाढल्या, पहिले, दुसरे, तिसरे अशी पुस्तकांची उतरंड लागली, आणि याच सुव्यवस्थेत एक नवे वैगुण्य शिरले. डेप्युटीसाहेबांचा मुक्काम तालुक्याला पडणार, ते परीक्षा घेणार, त्यांच्या शेऱ्यावर मास्तरांची बढती अन् खाजगी शाळेची ग्रँट ठरणार. अशा स्थितीत मास्तरांनी वर्षभर एकच पुस्तक मुलांकडून घोकून घ्यावे यात नवल नव्हते. पुस्तक हातात उलटे धरले तरी धडा अडत नसे! पोथीतही पाठांतर होते, पण तेथे त्याचा उपयोग अक्षराकडे जाण्यासाठी होई. येथे अक्षर टाळण्यासाठी होऊ लागला. पंतोजीने मुलाला परक्या हाताने लिहिलेला कागद लावावयास दिला, नव्या मास्तराने त्याला कधीही न पाहिलेले पान दिलेच नाही.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळांतून काय शिकवावे याची यादी दिली आहे आणि तिच्या आरंभी मोडी व बाळबोध लेखनवाचन आणि हिशेब आहेत. क्रमिक पुस्तके मुख्यतः बाळबोधीत असताना जोतीरावांनी मोडीचा आग्रह का धरावा, याचे उत्तर पुढल्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सापडते, असे मला वाटते. शेतकऱ्याला नागवले जाई ते मोडी कागदावर. तेव्हा त्याच्या मुलाला मोडी वाचता आले तरच त्याच्या शाळेचा घराला उपयोग. खत वाचणारे मूल ही पंतोजीच्या शाळेची देणगी काही मोजक्या घरांपुरती होती. जोतीरावांना ती सर्वांच्या घरी पोचवावयाची होती. त्यांच्या शाळांतील मुक्ता या मातंग विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला, हे प्रसिद्धच आहे. बक्षीससमारंभात साहेबाने खाऊ देऊ केला असता तिने तो नाकारून शाळेला पुस्तकालय मागितले, अशी आख्यायिका सांगतात. अक्षरशः ती घडली की नाही याचा वाद इतिहाससंशोधकांनी घालावा. तिचा निबंध वाचल्यावर मात्र ती मागणी तिच्या तोंडी विसंगत वाटत नाही.

मुलींच्या बाबतीत अडचण केवळ अक्षरांची नव्हती, घरच्यांच्या नजरेचीही होती. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पती माधवरावांनी त्यांना शिकवण्यास आरंभ केला, आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या टोमण्यांचा भडिमारही तेव्हापासूनच सुरू झाला. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी वाचताना जाणवते ते हे की, शिकवणारा एवढा मोठा माणूस पाठीशी असूनही, दिवसाउजेडी चारचौघींत पुस्तक हाती धरण्याचे धैर्य ही त्या मुलीची स्वतःचीच कमाई होती. मुलग्याने पोथी वाचली तर पाट मिळे आणि सुनेने पुस्तक वाचले तर अबोला, असा तो न्याय.

क्रमिक पुस्तकाबाहेरचे वाचन नियमाने घरी येऊ लागले ते मासिकांमुळे. विनायक कोंडदेव ओक हे शिक्षणखात्यात मुरलेले गृहस्थ. त्यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत ते बहुतांशी एकहाती लिहून चालवले. चरित्र, कविता, निबंध, सृष्टिचमत्कार असा ठरीव साज. भाषा निर्मळ, उपदेश भरपूर. पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यास ‘आनंद’ काढला आणि त्यात कोडी, गमती, गोष्टी यांना हात सैल सोडून जागा दिली. उपदेशाचे प्रमाण हा वाङ्मयसमीक्षकांचा विषय. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, मासिकाचा अंक कोणी शिकवीत नसे. तो टपालाने येई, त्यातला मजकूर मास्तरांनीही आधी पाहिलेला नसे, आणि कोड्याचे उत्तर पुढल्या अंकाशिवाय मिळावयाचे नसे. पंतोजीच्या शाळेतल्या परक्या कागदाची जागा महिन्याच्या महिन्याला भरून निघाली.

परंतु वर्गणी भरण्याची ऐपत किती घरांची? रत्नागिरी, पुणे येथील नगरवाचनालये जुनी खरी, पण ती वर्गणीदार सभ्य गृहस्थांची. पोराने तेथे पाऊल टाकले तर शिपाई हटकावयाचा. हा प्रश्न धसास लावला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याबरोबर त्यांच्या ध्यानी आले की, चार वर्षे शिकून घरी बसलेल्या मुलाला वाचावयास काही मिळाले नाही, तर तो पुन्हा निरक्षर होतो व त्याच्यावर झालेला खर्च बुडीत खात्यात जमा होतो. १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, त्यात मुलांसाठी स्वतंत्र दालन झाले, आणि खेड्यापाड्यांतून फिरत्या ग्रंथपेट्या जाऊ लागल्या. लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती गावी पाठवावयाची, गावाने ती वाचून परत करावी की दुसरी यावी, भाडेखर्च सरकारचा. ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ या नावाने मुलांसाठी मराठी व गुजराती छोटी पुस्तकेही दरबारने करवून घेतली. पेटीत काय आहे हे आपल्याला आधी माहीत नाही आणि जे आहे त्यातून आपण निवडावयाचे, ही चैन खेड्यातल्या मुलाला त्या पेटीने प्रथम दिली.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ साली शिक्षक म्हणून आलेल्या पांडुरंग सदाशिव सान्यांपाशी दरबारचा खजिना नव्हता. वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढले, तेही स्वतःच्या हाताने लिहून. मुले झोपली की हा मनुष्य दिव्याशी बसून देशोदेशीची वार्ता, कोणाचे चरित्र, एखादी कविता, वसतिगृहात काल काय घडले त्यावर दोन प्रेमाचे शब्द, असे लिहून काढी आणि सकाळी ते मुलांच्या दृष्टीस पडे. पुढे त्यातून ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले. साने गुरुजींच्या वाङ्मयात अश्रू फार, अशी तक्रार रसिक करतात व ती मी खोडून काढणार नाही. पण एका वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज ताजे पान लिहिणारा शिक्षक ज्या समाजाने पाहिला, त्याने वाचनाच्या पद्धतींची चर्चा त्या पानाला बाजूला ठेवून करू नये. त्या पानात मुलांचे नाव येण्याचा संभव असे. न वाचून कसे चालेल?

त्याच सुमारास पुण्यात आचार्य अत्र्यांनी क्रमिक पुस्तकाच्याच किल्ल्यात शिरून तो फोडण्याचा उद्योग आरंभला. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’त मुले मुलांसारखी बोलू लागली. ‘दिनूचे बिल’ या धड्यातला दिनू आईच्या नावे कामांचे बिल लिहितो. लिहिलेल्या चिठ्ठीने घरात काहीतरी घडते, हे खत वाचणाऱ्या पोराला ठाऊक असलेले सत्य शाळेच्या पुस्तकात इतक्या वर्षांनी, आणि इतक्या हसतखेळत, परत आले.

ज्यांच्या घरी पोथी नाही, पत्र येत नाही, आणि शाळेची भाषाही घरची नाही, त्यांचे काय, हा प्रश्न ताराबाई मोडकांनी बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अंगावर घेतला. वारली मुले गुरे राखण्यास जात, म्हणून त्यांनी व अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. पाने, शिंपले, बिया ही तेथली साधने. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून पिढ्यान्‌पिढ्या वेठीस लागलेल्या त्या मुलखात वाचनाचे काम काय, हे निराळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही ताराबाईंनी घाई केली नाही. आधी मुलाने बोलावे, गावे, चित्र काढावे, मग अक्षर यावे, या क्रमावर त्या ठाम राहिल्या; कानाने ऐकलेल्या भाषेवर डोळ्याचे वाचन उभे राहते, हे वाती वळणाऱ्या आजीचे ज्ञान त्यांनी शास्त्र म्हणून पत्करले होते.

मोडी पुढे शाळांतून गेली आणि नातवाला आजोबांचे दफ्तर वाचता येईनासे झाले. ही हानी झाली खरी, तथापि बाळबोध एकच एक लिपी राहिल्याने सामान्य घरच्या मुलाचा एक डोंगर कमी झाला, हेही नाकारता येत नाही. १९६७ च्या जानेवारीत राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन होऊन क्रमिक पुस्तकांची मक्तेदारी सरकारकडे आली. त्याच मंडळाने १९७१ च्या नोव्हेंबरात ‘किशोर’ हे मासिक सुरू केले, आणि त्यात धड्याखालचे प्रश्न छापले नाहीत.